पीछे मुड

बुधवार नाक्यावर माझं दुकान, आठ बाय दहा.
फडतरे सर आले टेबलफॅन काखेत धरून,
आजारी पोर आणावं तसे, वायर स्वतःच्या गळ्यात.
म्हणाले, "उलटा फिरतोय. वारा भिंतीला देतो.
कुणा शहाण्यानं बांधला, तेव्हापासनं."

मी स्टूल पुढं केलं. ते बसले,
गुडघे जुळवून. एक्क्याऐंशीव्या वर्षीही
त्यांना सैल बसता येत नाही.

चहावाल्याचा पेपर आमच्यामध्ये पसरलेला.
वर विक्रांत लेंभेचा फोटो, खाली ठळक: घूमजाव.
चहावाला म्हणाला, पलटी मारली गड्यानं.
माझा भाचा म्हणाला, यू-टर्न.
सरांनी चष्मा पुसला. शब्द तपासायचा
तर आधी काच स्वच्छ हवी.

"घूम म्हणजे चालता चालता वळणं,
अख्खी रांग बरोबर घेऊन. हा कुठं चालत होता?
ह्याला म्हणतात पीछे मुड. जागच्या जागी.
आणि तो उजवीकडूनच.
उजवी टाच, डावा चवडा,
एक ठेका पोटात मोजायचा,
मग डावा पाय आणून ठोकायचा.
धूळ उडाली पाहिजे. मैदानाला कळलं पाहिजे
की माणूस वळलाय."

मैदान म्हणजे तेच,
जिथं रविवारी सहाला यवतेश्वरकडचं वारं
आमच्या खाकी बाह्यांतून शिरायचं
आणि सर ओरडायचे, "डुबल, हनुवटी!"
तेच, ज्याच्यासाठी माघात विक्रांत
जेसीबीपुढं आडवा झाला, बूट घालून,
आणि ज्येष्ठात सभागृहात त्यानं हात वर केला
बेचाळीस गाळ्यांच्या बाजूनं.
संध्याकाळी घरोघरी कंदी पेढे.

"वळावं की," सर म्हणाले.
"मी नाही वळलो? पोरींना रायफल देणार नाही
म्हणून हेडमास्तरांशी आठ दिवस भांडलो.
नवव्या दिवशी प्रार्थनेला सगळ्या शाळेपुढं
म्हणालो, चुकलो. आणि पहिली रायफल तुला दिली.
आठवतं?"

आठवतं.
खांद्याला जांभळा डाग पडला होता. आईला दाखवला नाही.

"ह्यानं कसं केलं? चवड्यावर.
रात्री साडेअकराला, फोनवर,
चपलेचासुद्धा आवाज नाही."

मी फॅनची जाळी काढली. पाती काढली.
तांब्याची तार मोजत बसले, मोजलेलीच परत.
सरांना ठाऊक नसावं,
की त्या अर्जावर एकोणीस नंबरची सही माझी होती,
निळ्या पेनानं, दोन रेघा मारून,
आणि शंभराच्या स्टँपवर गेल्या गुरुवारी
मी लिहून दिलं: सदर सही गैरसमजातून.
गाळा नंबर चौदा. रस्त्याकडेचा. शटर बसवून मिळणार.
इथं पावसात पाणी आत येतं, मोटारी खराटीवर ठेवाव्या लागतात,
लेकीची फी आहे, भाडं वाढलंय,
हे सगळं खरं आहे.
हे सगळं मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय
की आता ऐकू येत नाही.

दोन टोकं अदलाबदल केली. डाग दिला.
बटण दाबलं तर वारा थेट सरांच्या तोंडावर,
पांढऱ्या भुवया हलल्या.
"बघ. एवढंच असतं," म्हणाले.
"किती झाले?"
मी म्हटलं, राहू द्या सर.
"राहू कसं देऊ?" आणि पन्नासाची नोट
घडी उलगडून, सरळ करून, काउंटरवर ठेवली.

सुटे आणायला मी मागं वळले, गल्ल्याकडं.
पाठीमागनं आवाज आला,
मोठा नाही, परेडचा तर मुळीच नाही:
"डुबल, डावीकडनं वळलीस."

मी वीस रुपये हातात धरून उभी.
फॅन चालू होता.
पेपरचं पान उडायला बघत होतं
आणि सरांनी त्यावर तळहात ठेवला होता.